मैत्रिणीचं लग्न होतं आणि मग कादंबरी सुरू होते

मागच्या अंकात म्हटलं होतं की काय वाचावं ते बिनधास्त विचारा, तर यावेळची बरीचशी पत्रं आणि ईमेल एकाच गोष्टीभोवती फिरतायत. जुनी मैत्री, लग्न आणि घरची माणसं. पाच निवडलीत. पत्रं लांबलचक होती म्हणून थोडक्यात दिलीत, रागावू नका.

प्रश्न : मी बँकेतून रिटायर झालेय, सांगलीत राहते. शाळेपासूनची एक मैत्रीण आहे, आता रोज फोन असतो, पण तिच्या लग्नानंतर मध्ये काही वर्षं आम्ही बोलतच नव्हतो. मराठी कादंबऱ्यांत मैत्रीण येते ती नायिकेचं दुःख ऐकते, चहा पिते आणि जाते. आयुष्यभराच्या मैत्रीवर कुणी नीट लिहिलंच नाही का?

ताई, तुमची तक्रार बरीचशी खरी आहे. चहा पिऊन जाणाऱ्या मैत्रिणी आपल्याकडे ढिगानं आहेत. पण गंमत म्हणजे मराठी कादंबरीनं अगदी सुरुवातीलाच हा विषय हातात घेतला होता. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो', १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं आलेली, ती आपण सगळे विधवांच्या हालांची कादंबरी म्हणून वाचतो आणि ती आहेच तशी, पण त्या नादात यमूच्या मैत्रिणीकडे, दुर्गीकडे, कुणाचं लक्षच जात नाही. दोघी लहानपणी एकत्र खेळलेल्या. मग लग्नं होतात. यमूला मिळतो रघुनाथराव, शिकलेला, बायकोला लिहावाचायला शिकवणारा, पुढे मुंबईत बिऱ्हाड करणारा, आणि दुर्गीच्या वाट्याला येतो उनाड, मारकुटा नवरा. दोघींनी वेगळं काहीच केलेलं नसतं हो! अंतरपाटापलीकडे कोण उभा होता एवढाच फरक. यमूनं आपल्या संसारातलं काही चांगलं सांगायला घेतलं की वाचताना आपल्यालाच वाटतं, अगं बाई, दुर्गीसमोर नको बोलूस. पुढे यमूचंही नशीब फिरतं, नवरा जातो, केशवपन होतं, ते तुम्हाला माहीतच असेल.

मला विचाराल तर मोठ्या मैत्रीची कादंबरी इथंच सुरू होते, दोघींमधली बरोबरी मोडते तिथं. तोपर्यंत नुसती धमाल असते, ती जगायला छान पण त्यावर चारशे पानं कशी लिहिणार.

आणि हीच गोष्ट चार खंड भरून बघायची असेल तर एलेना फेरांतेची 'माय ब्रिलियंट फ्रेंड'पासून सुरू होणारी मालिका. इटालियन लेखिका, हे टोपणनाव आहे, स्वतः ती समोर येत नाही. नेपल्समधल्या गरीब वस्तीतल्या लीला आणि लेनू या दोघींची कथा, मूळ इटालियनमध्ये २०११ ते २०१४ या काळात आली, इंग्रजी भाषांतर अ‍ॅन गोल्डस्टीनचं आहे आणि छान वाचलं जातं. लीला चांभाराची मुलगी, भयंकर हुशार, लेनूपेक्षा कितीतरी जास्त. पण प्राथमिक शाळा संपल्यावर लेनूचे आईवडील कुरकुरत का होईना तिला पुढे शिकवतात आणि लीलाचा बाप नाही म्हणतो, ती हट्टाला पेटते तर तिला सरळ खिडकीतून बाहेर फेकतो, हात मोडतो तिचा. पुढची सगळी दीड हजारावर पानं त्या हाताची आहेत असं मला वाटतं. सोळाव्या वर्षी लीलाचं वाणसामानाच्या दुकानदाराशी लग्न होतं, म्हणजे आता पैसा लीलाकडे आणि शिक्षण लेनूकडे, आणि दोघी एकमेकींच्या ताटात काय आहे ते बघत बसतात. प्रेम आहे, खूपच आहे, पण हेवाही तेवढाच, आणि फेरांते तो लपवत नाही म्हणून ती मोठी.

दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीचा एक प्रसंग सांगते. लीला आपल्या वह्या भरलेला पत्र्याचा डबा लेनूकडे ठेवायला देते, नवऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून, आणि शपथ घालते की तू वाचायच्या नाहीत. लेनू अर्थातच वाचते. नुसती वाचत नाही, त्यातली वाक्यं पाठ करते, इतकं सुंदर लिहिलंय म्हणून जळते, आणि शेवटी एका संध्याकाळी पिसा गावातल्या पुलावर जाऊन तो डबा नदीत ढकलून देते. पुढे हीच लेनू नावाजलेली लेखिका होते. आता बोला! याच्यावर सिरीजही आहे, चार सीझनची, बघायला हरकत नाही पण आधी वाचा, कारण लेनू स्वतःबद्दल किती खोटं बोलतेय ते वाचतानाच जास्त कळतं. तुमच्या त्या अबोल्याच्या वर्षांबद्दल मी काही विचारत नाही, फक्त दुसरा खंड जरा सावकाश घ्या.

मराठीतच हवी असेल तर शांता गोखल्यांची 'रीटा वेलिणकर', १९९० ची, पातळशी आहे. थोरली मुलगी, घर तिच्या पगारावर, ऑफिसातल्या लग्न झालेल्या साहेबाशी वर्षानुवर्षांचं नातं, आणि मग सगळं असह्य होऊन हॉस्पिटल. तिची मैत्रीण सरस्वती मात्र चहा पिऊन जाणाऱ्यांतली नाही. दोघी मोठ्या वयाच्या, कमावत्या, शहरातल्या बायका आहेत आणि एकमेकींना गोड बोलून फसवत नाहीत, मराठीत हे तेव्हा तरी दुर्मीळच होतं.

प्रश्न : आम्ही दोन जोडपी गेली कित्येक वर्षं एकत्र ट्रिपला जातो. मित्राची बायको सगळं ठरवते, आम्ही बाकीचे तिघं मान डोलावतो. ती माणूस म्हणून सोन्यासारखी आहे पण डोकं उठवते. असल्या मैत्रीवर पुस्तक असतं का? (आमचं नाव छापू नका, तीही हा अंक वाचते.)

नाव नाही छापलं, पण तिनं ओळखलं तर मी जबाबदार नाही. तुमच्यासाठी अगदी मापाची कादंबरी आहे, अमेरिकन लेखक वॉलेस स्टेग्नर यांची 'क्रॉसिंग टू सेफ्टी', १९८७. ही त्यांची शेवटची कादंबरी. दोन तरुण जोडपी मंदीच्या काळात, १९३७ मध्ये, विस्कॉन्सिनच्या मॅडिसन गावात युनिव्हर्सिटीच्या नोकरीमुळे भेटतात. लॅरी आणि सॅली कफल्लक, सिड आणि चॅरिटी वडिलोपार्जित पैशानं गडगंज. दोघी बायका गरोदर. तिथून जी मैत्री जमते ती १९७२ पर्यंत. ना भानगड, ना घटस्फोट, ना खून. निवेदक लॅरीच एके ठिकाणी म्हणतो की इतक्या शांत आयुष्यांचं लोक वाचतील असं पुस्तक करायचं तरी कसं.

तर ती चॅरिटी म्हणजे तुमच्या मित्राची बायको, हुबेहूब. व्हरमाँटच्या डोंगरात कॅम्पिंगला निघतात, सिडनं सगळं सामान नीट तपासून घोड्यावर लादलेलं असतं, नवरा सांगतोय की बाई मी बघितलंय सगळं, तरी ही पुस्तकातली यादी काढून सगळं सोडायला लावते आणि पुन्हा मोजते. चौघांचे चेहरे! आणि याच ट्रिपमध्ये सॅलीला पोलिओ होतो, आयुष्यभरासाठी पाय जातात, आणि मग तीच चॅरिटी आणि सिड पैसे, घर, वेळ, सगळं ओततात. झाली पंचाईत. आता तिच्यावर चिडायचं कसं? उपकार फेडता येत नाहीत आणि विसरताही येत नाहीत, आणि वर लॅरी लेखक म्हणून वर चढत जातो तर सिडच्या कवितांना बायकोच दाबून टाकते, कारण प्राध्यापकीत कवितांनी बढती मिळत नाही. म्हणजे एकाकडे पैसा, दुसऱ्याकडे यश, आणि जेवायला मात्र एकाच टेबलावर. मला सिडचा राग येतो खरं तर, चॅरिटीपेक्षा जास्त, इतकं ऐकून घेणारा माणूससुद्धा त्रासच देतो. शेवटचा भाग जड आहे, आजारपण आहे, तेवढं माहीत असू द्या.

दोन पुरुषांच्या मैत्रीचं हवं असेल तर हंगेरियन शांदोर माराईचं 'एम्बर्स' बघा, मूळ १९४२ चं. म्हातारा जनरल, ४१ वर्षांनी परत आलेला मित्र, रात्रीचं जेवण, आणि एक जुना हिशेब. जवळजवळ सगळं एकटा जनरलच बोलतो. काहींना बोअर होतं, मला नाही झालं.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते. आई पुण्यात एकटी, पंच्याहत्तरीची, दिवसभर वाचते पण फक्त मराठी, आणि पातळ पुस्तकं दोन दिवसांत संपवून "आता काय?" म्हणून फोन करते. घराण्याच्या, पिढ्यांच्या जाडजूड कादंबऱ्या सुचवा.

आईंना श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' पाठवा, दोन खंड आहेत, महिनाभर तरी फोन येणार नाही. खेडजवळ जगबुडी नदीच्या काठचं खोतांचं घराणं, चार पिढ्या, आणि प्रत्येक पिढीत एक तरी माणूस असा की सगळ्यांना घेऊन बुडेल किंवा तारेल. (तो 'तुंबाड' नावाचा सिनेमा आला होता त्याची गोष्ट वेगळी, इथं त्यातल्या हस्तरबिस्तरसारखं भूत कुणी नाही. आई घाबरणार नाहीत.)

त्यानंतर भैरप्पांची 'वंशवृक्ष'. मूळ कन्नड, १९६५ ची, मराठीत उमा कुलकर्णींनी आणलीय. त्यांची पद्धतही भारी होती, त्यांचे यजमान विरुपाक्ष कन्नड पुस्तक वाचून टेप करून ठेवायचे आणि त्या ऐकून मराठी करायच्या. एका संसारातून केवढं वाङ्मय! कादंबरी नंजनगूडच्या श्रोत्रियांच्या घरातली. मुलगा कपिला नदीत बुडून जातो, तरुण सून कात्यायनी शिकायला म्हैसूरला जाऊ लागते, तिथं प्रेमात पडून दुसरं लग्न करते, आणि आपल्या लहान मुलाला न्यायला सासऱ्यांकडे येते. तो प्रसंग आईंनी वाचला की त्यांना फोन करा आणि विचारा कुणाची बाजू पटली. माझ्या ओळखीत यावरून सासवा-सुनांचे दोन तट पडलेत. मला स्वतःला ते सासरे, श्रोत्री, आवडतात आणि पटत नाहीत. बाई नवं आयुष्य मागते तेव्हा किंमत तिच्याकडूनच वसूल करायची हे भैरप्पांचं जरा ठरलेलंच असतं, पण लिहितात असं की पुस्तक खाली ठेवता येत नाही.

आई कधी हिंदी वाचायला तयार झाल्या तर बंगाली लेखिका आशापूर्णा देवींच्या तीन कादंबऱ्या हिंदीतून, 'प्रथम प्रतिश्रुति', 'सुवर्णलता', 'बकुलकथा'. पहिलीसाठी त्यांना १९७६ चं ज्ञानपीठ मिळालं, ज्ञानपीठ मिळालेल्या त्या पहिल्या बाई. आई, मुलगी, नात. सत्यवतीच्या पाठीमागे तिच्या नऊ वर्षांच्या मुलीचं, सुवर्णाचं, लग्न लावून टाकतात आणि सत्यवती भरल्या घरातून काशीला निघून जाते. मधल्या कादंबरीत सुवर्णाची मागणी काय, तर नव्या घराला रस्त्याकडे बघायला एक व्हरांडा. नवरा हो हो करतो. घर बांधून झाल्यावर ती पोरगी या खोलीतून त्या खोलीत, वरखाली, व्हरांडा शोधत फिरते, आणि तो नसतोच. बांधलेलाच नाही! मला तर बाई त्या नवऱ्याच्या मारापेक्षा त्याचं ते हो हो जास्त लागलं.

प्रश्न : नुकतंच लग्न झालंय. बायको खूप वाचते, मी अजिबात नाही. लग्नावरची एकच कादंबरी सांगा, पण नुसती रडारड नको.

एकच म्हणताय आणि वाचायची सवय नाही, तरी सांगते, जॉर्ज एलियटची 'मिडलमार्च'. १८७१-७२ मध्ये आठ भागांत आली होती, तुम्हीही तशीच भागाभागानं वाचा, घाई नाही. त्यात लिडगेट नावाचा तरुण डॉक्टर आहे, त्याचा ट्रॅक तुमच्यासाठी. फर्निचर, चांदीची भांडी, सगळं उधारीवर घेऊन संसार थाटतो आणि कर्जात बुडतो. मग घर दुसऱ्या जोडप्याला देऊन लहान जागेत जायचं ठरवतो. बायको रोझमंड भांडत नाही, आवाज चढवत नाही, गुपचूप एजंटकडे जाते आणि सांगून येते की घर द्यायचं नाहीये. त्याला पत्ताच नाही! दोघांनी मिळून वाचा आणि ईएमआय कोण भरतंय ते आधीच बोलून घ्या.

प्रश्न : आमच्या भिशीत आता पुस्तकावर गप्पा मारायच्या ठरल्यात. इंग्रजी चालेल पण छोटं हवं, मैत्रीवरचं, आणि भांडण होईल असं.

टोनी मॉरिसन, 'सुला', १९७३, दोनशे पानांच्या आत. ओहायोतल्या एका गावातल्या काळ्या वस्तीतल्या नेल आणि सुला, लहानपणी दोन देह एक जीव. नेल लग्न करून तिथंच राहते, सुला गाव सोडून जाते, दहा वर्षांनी परतते आणि नेलच्या नवऱ्याबरोबर झोपते. आता कुणी म्हणेल यात चर्चा काय करायची, सुला वाईट, संपलं. पण शेवटची चार पानं वाचून या आणि मग बोला, इतकी वर्षं नेल नक्की कुणासाठी रडत होती ते. सुरुवातीची पानं गोंधळात टाकतात, नेटानं पुढे जा, वीसेक पानांनी गाडी रुळावर येते. आणि भिशीत सध्या कुणा दोघींचं नवऱ्यांवरून बिनसलेलं असेल तर या महिन्यात 'रीटा' घ्या, 'सुला' पुढच्या वेळी.