आजूबाजूला घरं असताना हरणाच्या शिकारीसाठी कमी आवाजाची रायफल कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की पेनसिल्व्हेनियात घरामागे पाच एकर झाडी आहे, तिन्ही बाजूंना शेजारी आहेत, हरणं बाग ठेवत नाहीत, आणि बार काढला तरी "शेजाऱ्यांना फारसं कळू नये" अशी रायफल हवी. रायफलीचं नंतर बघू. त्या शेवटच्या वाक्यावरून माझं आणि माझ्या साडूचं गेली काही वर्षं भांडण चालू आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी जमिनीचा हिशेब करा. इथल्या कायद्याप्रमाणे राहत्या घरापासून १५० यार्डांच्या आत, त्या घरात राहणाऱ्याची आधी परवानगी घेतल्याशिवाय बंदुकीने शिकार करता येत नाही. त्या पट्ट्यातून हरणं हाकलून बाहेर काढणंही चालत नाही. पाच एकर चौकोनी धरले तर एक बाजू साधारण १५५ यार्ड होते. जागेच्या बरोबर मधोमध उभं राहिलात तरी प्रत्येक हद्द जेमतेम ७८ यार्डांवर. शेजाऱ्यांची घरं हद्दीजवळ असतील तर मागचा एखादा कोपरा सोडून कायदेशीर जागाच उरत नाही. म्हणजे ज्यांना कळू नये म्हणताय, त्यांच्याच दारात जाऊन आधी विचारायचंय. मग लपवायचं कोणापासून?

आता आवाजाचं. लोक रायफलीचं मॉडेल विचारतात, पण आवाज दोन ठिकाणांहून येतो. एक नळीच्या तोंडाशी, दारूच्या वायूचा. दुसरा गोळीचा स्वतःचा: ती ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल तर वाटभर कडाड करत जाते. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ११२५ फूट, आणि .३०८ या नेहमीच्या रायफल-काडतुसाची गोळी निघते २७००-२८०० फुटांनी. सप्रेसर, म्हणजे नळीच्या तोंडाला लावायचा आवाजरोधक, पहिला आवाज कमी करतो, दुसऱ्याला हात लावू शकत नाही. सप्रेसर न लावलेल्या .३०८ चा आवाज नळीपाशी १६५ डेसिबलच्या आसपास असतो, चांगल्या सप्रेसरने तो २५-३० ने उतरतो. सिनेमातलं 'फुस्स' विसरा. शेजाऱ्याला ऐकू येणारच, फक्त खिडक्या हादरणार नाहीत आणि बार नेमका कुठून आला ते त्याला चटकन सांगता येणार नाही.

कडाडही नको असेल तर गोळी सावकाश पाठवावी लागते. त्यासाठीच .३०० ब्लॅकआउट हे काडतूस प्रसिद्ध आहे: २२० ग्रेनची जड गोळी, वेग हजार फुटांच्या आसपास, वर सप्रेसर. साडूने नेमकं हेच घेतलं.

साडू माणूस हुशार आहे, अभ्यास करून वस्तू घेतो. महिनाभर व्हिडिओ पाहिले, प्रत्येक बारानंतर हाताने पुढचं काडतूस चढवायची बोल्ट ॲक्शन रायफल घेतली (इथे हरणाला आपोआप काडतूस चढवणारी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही; .३०० ब्लॅकआउट म्हणून दुकानदार बहुतेक वेळा एआर ही सेमी-ऑटोमॅटिकच पुढे करतो, तिथे तुम्हीही फसू नका), सप्रेसरचा अर्ज केला, तो मंजूर होईपर्यंत थांबला. त्याची जागा बारा एकरांची, मागचा अर्धा भाग सगळ्या घरांपासून १५० यार्डांच्या बाहेर. कागदावर सगळं चोख. मी एकच म्हटलं होतं, पलीकडच्या घरी जाऊन सांगून ये. तर म्हणाला, "सांगितलं की नाही म्हणणार. न सांगता, आवाज न होता काम उरकतं, तर कशाला कोणाची झोपमोड?"

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. मादी उभी होती, चाप ओढला, तिने मान वर करून इकडेतिकडे पाहिलं आणि चालत झाडीत गेली. पळाली नाही, उडी नाही, काही नाही. "चुकला बहुतेक," म्हणाला. मी बॅटरी घेऊन गेलो.

ती उभी होती ती जागा त्याने साठ यार्ड म्हणून धरली होती. माझ्या रेंजफाइंडरवर शंभराला चार-पाच कमी आले. रायफलीचा नेम पन्नास यार्डांवर लावलेला. इतकी मंद गोळी पन्नासावरून शंभरावर जाताना सहा-सात इंच खाली उतरते; .३०८ असती तर या चुकीने काही बिघडलं नसतं. पाचोळ्यावर रक्त नव्हतं. थोडं पुढे ओकाच्या पानावर पांढरे, जाडसर केस चिकटलेले दिसले. पांढरा केस म्हणजे पोटाखालचा. अजून दहा पावलांवर शेवाळी रंगाचा चिकट डाग, त्यात चघळलेल्या गवताचे तंतू. मी वाकून वास घेतला आणि त्याला सांगितलं की चुकलेला नाही, पोटात लागलाय.

शिकार करणाऱ्याला यापुढचं सांगायला नको. फुफ्फुसाला लागलं तर रक्त गुलाबी आणि फेसाळ पडतं, हरीण शे-दीडशे यार्डांत कोसळतं. यकृताचं रक्त काळसर, तिथे काही तास थांबायचं. पोटात लागलेलं हरीण लगेच मागे लागलात तर मैलभर जातं आणि तासन् तास तडफडतं. त्याला आठ-दहा तास एकटं सोडावं लागतं, म्हणजे ते जवळपास कुठेतरी बसतं. थंडी चांगली होती, मांस टिकलं असतं. मी म्हटलं सकाळी बघू. साडूला ते पटत नव्हतं, पण ऐकलं.

सकाळी आम्ही निघायच्या आत पलीकडच्या शेजाऱ्याचा फोन. मादी त्याच्या मागच्या अंगणात, पोरांच्या झोपाळ्याखाली बसली होती. जिवंत. दोन्ही पोरं काचेला नाक लावून बघत होती. आम्ही गेलो तेव्हा तो माणूस पायऱ्यांवर उभा होता. तो स्वतः शिकारी घरातला, त्याला बंदुकीचं काही नवल नव्हतं. पण त्याने साडूला जे विचारलं ते मी अजून विसरलो नाही: "तू काल माझ्या हद्दीकडे तोंड करून गोळी झाडलीस आणि मला ऐकूसुद्धा आलं नाही? पोरं बाहेर खेळत होती." गोळीची दिशा तशी नव्हती, मागे उंचवटा होता, हे साडू समजावू लागला. त्या माणसाला ते ऐकायचंच नव्हतं. बार ऐकला असता तर पोरांना आत बोलावलं असतं, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

गेम वॉर्डन, म्हणजे शिकारीचे नियम बघणारा अधिकारी, आला, त्याने मादीला यातनांतून सोडवलं. अंतरं मोजली, परवाना आणि टॅग पाहिला, सगळं नियमात निघालं. सोलताना गोळी सापडली: जवळजवळ आख्खी. वेग कमी पडला की शिकारीची गोळीही नीट उघडत नाही, छत्री मिटलेलीच राहावी तशी आरपार किंवा आत सरळ जाते. या काडतुसात ऊर्जा असते पाचशे फूट-पाउंडांच्या आत-बाहेर, .३०८ मध्ये अडीच हजारांच्या वर. मंद वेगावर उघडणाऱ्या खास तांब्याच्या गोळ्या मिळतात, पण त्या महाग, आणि तरीही पन्नास-साठ यार्डांपलीकडे मी त्यांच्यावर विश्वास ठेवणार नाही.

पुढच्या आठवड्यात शेजाऱ्याने हद्दीवरच्या झाडांना जांभळे उभे पट्टे मारले. २०२० पासून इथे त्याचा अर्थ 'प्रवेश बंद' च्या पाटीइतकाच पक्का. आता साडूचं जखमी हरीण तिकडे गेलं तर विचारल्याशिवाय पाऊल टाकायची सोय नाही, आणि विचारायला तोंड राहिलेलं नाही.

साडू मात्र दर दिवाळीच्या फराळाला तेच म्हणतो: नशीब खराब होतं, आणि मोठी रायफल असती तर शेजारी आदल्या दिवशीच भांडायला आला असता. येऊ दे की! आदल्या दिवशी आला असता तर दहा मिनिटं बोलून, थोडं मांस देऊन विषय संपला असता. माझ्या बाजूचे आजोबा मला दरवर्षी परवानगी देतात, कागदावर सही करून. मी ज्या सकाळी बसणार त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांना फोन करतो, ते कुत्रं बाहेर सोडत नाहीत. माझ्या .३०८ चा आवाज त्यांना दिवाणखान्यात ऐकू येतो आणि ते घड्याळ बघून मेसेज पाठवतात, "लागली का?"

मी कुडाळकडचा. आमच्या वाडीत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आजोबांच्या काकांकडे होती. बागेत माकडं शिरली की ते बार काढायचे आणि अख्ख्या वाडीला कळायचं की काका आज वरच्या कुणग्यात आहेत, तिकडे गुरं सोडू नका. आवाजाची कोणी तक्रार केलेली मला आठवत नाही. (बरं, ठासणीचीच हौस असेल तर नाताळानंतर इथे फक्त चकमकीच्या बंदुकीचा हंगाम असतो, १९७४ पासून. त्यात धूर एवढा होतो की लागलं की नाही तेही दिसत नाही. मला आवडतो.)

आता तुमचं उत्तर, थोडक्यात. शेजाऱ्यांची परवानगी मिळाली तर साधी बोल्ट ॲक्शन, .३०८ किंवा ६.५ क्रीडमोर, नळी १८-२० इंच, तोंडाला ५/८×२४ चे आटे पाडलेली, त्यावर सप्रेसर आणि पूर्ण वेगाचं काडतूस. कंपनी कुठलीही घ्या, फरक पडत नाही. मझल ब्रेक लावलेली रायफल घेऊ नका, ती धक्का कमी करते आणि आवाज आजूबाजूला फेकते. सप्रेसर घ्याच, शेजाऱ्यांसाठी नाही, तुमच्या कानांसाठी. माझ्या डाव्या कानात कायमची शिट्टी आहे. २०० डॉलरचा कर १९३४ पासून होता, तो १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, मात्र अर्ज, बोटांचे ठसे आणि एटीएफ या फेडरल खात्याची मंजुरी आहे तशीच.

परवानगी नाही मिळाली तर क्रॉसबो, म्हणजे चाप ओढून बाण सोडायचं धनुष्य. तिला घरापासूनचं अंतर १५० ऐवजी ५० यार्ड, म्हणजे तुमच्या पाच एकरांतही जागा निघते. झाडावर वीस फुटांवर बसा, तीस यार्डांच्या आतलंच हरीण घ्या, बाण जमिनीत जातो. खरी कमी आवाजाची वस्तू हीच, आणि ती रायफल नाही. रायफल असो की क्रॉसबो, मचाण मात्र उंच हवंच. वरून खाली गेलेली गोळी मातीत थांबते. पाच एकरांत दुसरा भरवसा नाही.

मंद गोळीबद्दल मी जरा जास्तच बोललो असेन. चाळीस यार्डांवर, टेकून, योग्य गोळीने ती हरीण पाडते, पाडणारे आहेत. पण चाळीस यार्डांवर हरीण येत असेल तर क्रॉसबो का नको, याचं उत्तर साडूने अजून दिलेलं नाही.

काही राहिलं. एच-१बी किंवा तसल्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे; शिकारीचा वैध परवाना हा त्यातला अपवाद. तेव्हा आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना, मग दुकान, आणि मित्राची बंदूक 'जरा हातात घेऊन बघतो' हेही त्याआधी नको. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. रायफलच्या हंगामात अंगावर २५० चौरस इंच नारिंगी लागतंच, स्वतःच्या जागेत असलात तरी. फिलाडेल्फियाच्या भोवतालच्या काउंट्यांत आणि पिट्सबर्गच्या ॲलेघेनीत शस्त्रांचे नियम वेगळे आहेत, ते तुमच्या काउंटीचे बघून घ्या. आणि कमेंटमध्ये कोणीतरी एडिसनहून विचारलंय: न्यू जर्सीत हरणाला सेंटरफायर रायफल चालत नाही आणि सप्रेसर सामान्य माणसाला बाळगताच येत नाही, तेव्हा यातलं क्रॉसबोपुरतंच वाचा.