शिट्टी कधी, दार कधी, कागद कुठला

प्रश्न : मुलगा शिकागोत पिल्सन भागात भाड्यानं राहतो, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. इमिग्रेशनचे लोक आले की तिथे म्हणे रस्त्यावर शिट्ट्या वाजतात. शिट्टीनं होतं काय? आणि त्यानं यात पडावं का?
– एक आई, पुणे

ताई, ८ सप्टेंबर २०२५ला अमेरिकी सरकारनं शिकागोत ‘ऑपरेशन मिडवे ब्लिट्झ’ ही इमिग्रेशनच्या धरपकडीची मोहीम जाहीर केली. त्यानंतर पिल्सन आणि शेजारचं लिटल व्हिलेज या मेक्सिकन वस्त्यांत गळ्यात शिट्टी अडकवलेली माणसं सर्रास दिसू लागली. फुंकण्याची रीत ठरलेली आहे. तुटक-तुटक वाजली तर अधिकारी आसपास आहेत. सलग वाजत राहिली तर कुणाला तरी पकडताहेत. तुटक ऐकून ज्यांना धोका आहे ते आत जातात, सलग ऐकून बाकीचे बाहेर येतात.

शिट्टीनं अटक टळेल या भरवशावर मात्र कुणी राहू नये. तिचा खरा उपयोग साक्षीदार जमण्यात आहे. गाडीचा नंबर मिळतो, व्हिडिओ होतो आणि मुख्य म्हणजे पकडलेल्याचं नाव कळतं. नाव ओरडून विचारतात ते उगाच नाही, पुढचा सगळा शोध त्या नावावर चालतो.

फसतं ते अफवेमुळे. काळ्या काचांची मोठी गाडी दिसली की लगेच मोबाइलवर मेसेज फिरतो आणि सव्वीसाव्या रस्त्यावरची दुकानं तासाभरात ओस पडतात. म्हणून जाणते स्वयंसेवक आधी सहा गोष्टी टिपतात : माणसं किती, करताहेत काय, कुठल्या चौकात, अंगावर काय लिहिलंय, किती वाजता, जवळ काय सामान. जॅकेटवर ‘पोलिस’ लिहिलंय म्हणजे शहराचे पोलिस, असं समजू नये. केंद्राचे अधिकारीही तोच शब्द मिरवतात. शिकागो ‘आश्रय देणारं शहर’ म्हणवतं, त्याचा अर्थ इतकाच की शहराचे पोलिस निव्वळ इमिग्रेशनच्या धरपकडीत मदत करत नाहीत. केंद्राच्या अधिकाऱ्यांना शहराची वेस बंद नाही.

आता मुलाचं. सार्वजनिक जागी ड्युटीवरच्या अधिकाऱ्यांचं चित्रण करता येतं. त्या भागाच्या केंद्रीय अपील न्यायालयानं २०१२मध्येच पोलिसांच्या चित्रणाबाबत तसा निकाल दिला आहे. ‘मागे व्हा’ म्हटलं की मागे व्हायचं, फोन चालू ठेवायचा. गाडीपुढे उभं राहणं, हात धरून ओढणं हा मात्र गुन्हा ठरू शकतो, आणि व्हिसावरच्या माणसाला नुसती अटकही महागात पडते. आमचं मत विचाराल तर त्यानं खिडकीतून चित्रण करावं. रस्त्यावरची पहिली रांग नागरिकांनी धरावी. करण्यासारखं इतरही आहे. मुलांना शाळेपर्यंत सोबत करणारे शेजारी आहेत. काही सायकलवाले तमालेवाल्यांचा सगळा माल विकत घेऊन वाटून टाकतात, म्हणजे विक्रेता लवकर घरी जातो. (तमाले मक्याच्या सालीत वाफवलेले असतात, आपल्या पातोळ्यांचे लांबचे भाऊ म्हणा.)

प्रश्न : दार वाजवलं तर उघडायचं का? जवळ कुठले कागद ठेवायचे?
– एक वाचक, नेपरव्हिल

उघडू नका. कागद दाराखालून सरकवायला किंवा काचेला लावून दाखवायला सांगा. वरच्या बाजूला डिस्ट्रिक्ट कोर्टाचं नाव, खाली न्यायाधीशाची सही आणि तुमचा अचूक पत्ता असेल तर ते न्यायालयाचं वॉरंट. आय-२०० किंवा आय-२०५ हे इमिग्रेशन खात्याचं स्वतःचं वॉरंट असेल तर सही खात्यातल्याच अधिकाऱ्याची असते, आणि रूढ कायद्यानुसार त्यावर संमतीशिवाय घरात शिरता येत नाही. मात्र अंतिम हकालपट्टीचा आदेश असलेल्याच्या घरात आय-२०५वर शिरता येतं, अशी भूमिका घेणारा खात्याचा अंतर्गत आदेश जानेवारी २०२६मध्ये बाहेर आला. तेव्हा कुणी जबरदस्तीनं शिरलंच तर अडवू नका. ‘माझी संमती नाही’ एवढं स्पष्ट बोला आणि गप्प राहा.

अठरा वर्षांवरच्या परदेशी नागरिकानं नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचा असतो. ग्रीन कार्ड असेल तर मूळ कार्ड. एच-१बीवाल्यांनी आय-९४ची, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची, छापील प्रत. इथे हमखास चूक होते. अमेरिकेतच मुदतवाढ घेतली असेल तर सरकारी संकेतस्थळ शेवटच्या प्रवेशाचं जुनंच आय-९४ दाखवतं. नवं मुदतवाढ मंजूर झाल्याच्या नोटिशीच्या, म्हणजे आय-७९७एच्या, तळाशी असतं, ते ठेवा.

प्रश्न : भाच्याला नेलं असं कळलं, पण सरकारी शोधयादीत नावच नाही.
– एक मामा, ऑरोरा

मामा, आधी ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्यानं भाच्याला दिलेला क्रमांक, शोधा, तो नऊ आकडी असतो. आठच आकडे असतील तर सुरुवातीला शून्य लावा. नंबर नसेल तर नाव तंतोतंत हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव पासपोर्टवर कधी पहिल्या नावाला जोडलेलं असतं, कधी नसतं, त्यामुळे दोन्ही तऱ्हांनी शोधा. शोधताना विचारलेला ‘देश’ म्हणजे जन्माचा देश. भाचा मस्कतला जन्मला असेल तर ओमान निवडा, भारत नव्हे. अठराच्या आतल्यांची नावं तिथे दिसत नाहीत. नोंद चढायलाही वेळ लागतो, आणि दरम्यान माणूस दुसऱ्या राज्यात हलवलेला असू शकतो. म्हणून दर काही तासांनी पाहत राहा.

वकील सरकार देत नाही, स्वतः करावा लागतो. तो भेटेपर्यंत भाच्यानं ‘स्वखुशीनं परत जातो’ छापाच्या कागदावर सही करू नये. भारतीय वकिलातीला कळवा, असं त्यानं स्वतः सांगायला हवं. भारतीयांच्या बाबतीत ती सूचना आपोआप जात नाही. शिकागोत आपली वकिलात आहे. तुम्हीही तिथे पासपोर्टची प्रत आणि ए-नंबर घेऊन आजच कळवा.