मेव्हण्याची मालमत्ता कोर्टाने गोठवली आहे. त्याची गाडी आणि ८ लाख रुपये माझ्याकडे ठेवले तर घेणेकरी माझ्यावर दावा लावू शकतो का?

हो, लावू शकतो, आणि लावावाच असं माझं मत आहे. तुम्ही लिहिलंय की आदेशात तुमचं नाव नाही, म्हणून तुमच्यावर बंधन नाही. हेच वाक्य मी माझ्या मामेभावाच्या तोंडून ऐकलंय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. २०१५ साली एका पार्टीने टाक्या बनवून घेतल्या आणि ११ लाख ४० हजार थकवले. मी दावा लावला. पार्टी मशिनं विकून मोकळी होणार हे वकिलांनी कोर्टाला पटवलं आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३९ खाली मनाईहुकूम मिळाला: दोन लेथ आणि एक शेपर विकायचे नाहीत, हलवायचे नाहीत, खात्यातली रक्कम वळवायची नाही.

पंधरा दिवसांनी कोर्टाने पाहणीसाठी नेमलेल्या कमिशनरबरोबर पार्टीच्या शेडवर गेलो, तर फरशीवर तेलाचे डाग आणि कापलेले फाउंडेशन बोल्ट.

मशिनं सापडली वाघोडिया रोडला, मामेभावाच्या गोडाऊनमध्ये. तो त्या पार्टीचा शाळेपासूनचा मित्र. ताडपत्री उचलली तर लेथच्या गार्डवर माझ्याच हातची वेल्डिंगची शिवण. ते गार्ड मी पूर्वी एक पैसा न घेता जोडून दिलं होतं. पुढे बँकेच्या उताऱ्यावरून कळलं की पार्टीचे साडेतीन लाखही मामेभावाच्याच खात्यातून फिरले. आणि मनाईहुकुमाची प्रत मी स्वतः त्याला मामांच्या घरी, दांडिया बाजारात, वाचायला दिली होती.

आम्ही ऑर्डर ३९ नियम २ए खाली अर्ज केला आणि त्यालाही सामनेवाला केलं. "माझं नाव कुठाय?" हाच त्याचा बचाव. पण ज्याच्यावर हुकूम आहे त्याने तो मोडणं वेगळं, आणि हुकूम ठाऊक असताना तो मोडायला हात लावणं वेगळं. दुसऱ्यालाही कोर्ट सोडत नाही. इंग्लंडमध्ये हे १८९७ च्या सीवर्ड विरुद्ध पॅटरसन खटल्यातच ठरलं. २ए खाली तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद आहे, मालमत्तेची जप्ती आहे. वर्षभरात सुधारणा झाली नाही तर ती विकून ज्याचं नुकसान झालं त्याला कोर्ट भरपाई देऊ शकतं.

निव्वळ पैशाच्या दाव्याचं म्हणाल तर लंडनचं एक प्रकरण वाचा. कझाकस्तानच्या बीटीए बँकेने आपला माजी अध्यक्ष अब्ल्याझोव्ह याच्याविरुद्ध मालमत्ता गोठवण्याचा आदेश मिळवला होता. ती लपवायला त्याचा जावई ख्रापुनोव्ह याने मदत केली, असा आरोप करून बँकेने जावयावरच भरपाईचा दावा लावला. २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आदेश मोडण्यासाठी केलेलं संगनमत हा भरपाईच्या दाव्याला पुरेसा आधार आहे. जावई काय, मेव्हणा काय, नात्याने सवलत मिळत नाही. उलट २००६ मध्ये इंग्लंडमध्येच बार्कलेज बँक सुटली होती. खातेदारांचे पैसे गोठवल्याचा आदेश कळल्यावरही तिच्याकडून ते बाहेर गेले, पण तिथे आरोप फक्त हलगर्जीपणाचा होता. तुम्ही तर मला आधीच विचारताय, म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक आहे.

मामेभाऊ आजही म्हणतो, "मी फक्त अडचणीतल्या मित्राला मदत केली." अडचणीत मीही होतो. त्या दिवाळीला चार कारागिरांचा बोनस मी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून दिला. माझ्या पैशांवर केलेल्या मदतीला मी मदत म्हणत नाही.

हेही सांगतो: मी वकील नाही. इंग्लंडचे निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाहीत, फक्त वजन म्हणून दाखवता येतात. आदेशाची माहिती नसताना योग्य किंमत मोजून गाडी घेतली असती तर गोष्ट वेगळी. तुमच्या मेव्हण्याच्या मालमत्तेवर मनाईहुकूम आहे की निकालाआधीची जप्ती, तेही बघा. जप्ती असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६४ लागतं आणि त्या घेणेकऱ्यापुरता तुमच्या नावावरचा व्यवहार रद्दबातल ठरतो.

गाडी दारात आली असेल तर परत पाठवू नका, विकू नका, वकिलामार्फत कोर्टाला लेखी कळवा. मामेभावाने हे पहिल्याच आठवड्यात केलं असतं तर मी त्याच्याविरुद्ध अर्जच केला नसता. त्याने ते दीड वर्षाने केलं, माफीनाम्यासोबत. साडेतीन लाख त्याने सात हप्त्यांत भरले. शेवटचा हप्ता मामींनी आणून दिला.