घरच्या नेटवर्कवर गाणी ऐकायला सुटे भाग घेऊन सिस्टिम कशी जोडावी?

अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर आहेत, गाणी जुन्या लॅपटॉपवर फ्लॅकमध्ये (दर्जा न गमावता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात) पडून आहेत आणि सध्या फोनवरून ब्लूटूथने भागवताय, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे महागडा भाग आधीच घरात आहे. आता हवा गाणी पुरवणारा सर्व्हर, नेटवर्कवरून ती घेणारा स्ट्रीमर आणि आकड्यांचा आवाज करणारा डॅक. फोन फक्त रिमोट म्हणून ठेवा. गाणं फोनमधून जात असेल, तर तुम्ही घराबाहेर पडलात की मागे शांतता.

खरेदीला निघण्याआधी सॉफ्टवेअर ठरवा. लोक बहुधा उलटं करतात, आधी देखणा डबा आणतात आणि मग त्यावर काय चालतं ते शोधत बसतात. डीएलएनए किंवा यूपीएनपी, म्हणजे घरच्या नेटवर्कवर उपकरणांनी एकमेकांना शोधून गाणी देण्याघेण्याची ठरलेली पद्धत, जवळपास सगळ्या उपकरणांत असते, पण साध्या यूपीएनपीत पुढच्या गाण्यांची रांग बरेचदा फोनमधल्या अ‍ॅपकडेच असते. अ‍ॅप झोपलं की पुढचं गाणं येत नाही. दोन खोल्यांत एकाच तालात वाजवणंही त्यात जमत नाही.

म्हणून मी लिरियन म्युझिक सर्व्हर सुचवेन. हा मूळचा स्क्वीझबॉक्स या नेटवर्कवरून गाणी वाजवणाऱ्या प्लेअरचा सर्व्हर. ते बनवणारी स्लिम डिव्हायसेस कंपनी लॉजिटेकने २००६ मध्ये घेतली, २०१२ मध्ये प्लेअर बंद केले, पण सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना खुला असल्यामुळे लोकांनी ते जगवलं. लिरियन हे नाव २०२४ मधलं. रांग सर्व्हरवर राहते, खोल्या एकमेकींशी जुळतात, सलग अल्बममध्ये गाण्यांच्या मध्ये खाच पडत नाही.

सर्व्हर म्हणून तुमचा जुना लॅपटॉप चालेल; झाकण मिटल्यावर झोपणार नाही अशी सेटिंग तेवढी करा. स्ट्रीमरसाठी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घ्या, त्याच्या मेमरी कार्डवर पायकोअरप्लेअर हे त्याला प्लेअर बनवणारं सॉफ्टवेअर टाका आणि यूएसबी डॅक जोडा. पायकोअरप्लेअर सुरू झाल्यावर रॅममधूनच चालतो, त्यामुळे थेट बटण बंद केलं तरी कार्ड सहसा खराब होत नाही. घरातलं कुणी ना कुणी तसं बंद करणारच.

आता नेटवर्क, जिथे खरी डोकेदुखी असते. सीडीच्या दर्जाचं संगीत सेकंदाला सुमारे १.४ मेगाबिट, त्याहून वरच्या दर्जाचं, २४ बिट ९६ किलोहर्ट्झचं साधारण ४.६, आणि फ्लॅकमध्ये त्याहूनही कमी. वेग कुठल्याही वायफायला पुरतो. अडतं ते गर्दीमुळे. सर्व्हर आणि स्ट्रीमर दोन्ही वायफायवर असले, तर तेच गाणं हवेतून दोनदा जातं, एकदा राउटरकडे आणि एकदा राउटरकडून. निदान सर्व्हरला तरी वायर लावा.

प्लेअर अ‍ॅपमध्ये दिसतच नसेल, तर आधी फोन गेस्ट नेटवर्कवर नाही ना ते पाहा. मग दुसरा राउटर लावला असेल तर तो तपासा. त्याने स्वतःचं वेगळं नेटवर्क केलं असेल, तर उपकरणांची एकमेकांना मारलेली हाक पलीकडे पोचत नाही. त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता पहिल्याच राउटरचं नेटवर्क पुढे नेईल. सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, बदलू नये म्हणून तोही राउटरमध्ये राखून ठेवा.

पहिलं गाणं लावण्याआधी अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज पूर्ण खाली आणा. प्लेअर बहुतेक वेळा शंभर टक्क्यांवर सुरू होतो आणि स्पीकर क्षमा करत नाहीत.

टॅगसाठी, म्हणजे गाण्याच्या फाइलमध्ये लिहिलेल्या गायक, अल्बम अशा माहितीसाठी, एक सुट्टीचा दिवस बाजूला काढा. वेगवेगळ्या गायकांचा एकच अल्बम यादीत दहा तुकड्यांत दिसला, तर ‘अल्बम आर्टिस्ट’ ही जागा रिकामी आहे असं समजा. सगळ्या गाण्यांत तिथे एकच नाव भरलं की तुकडे जुळतात.

‘संगीतासाठी खास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नेटवर्क केबल आणि स्विचवर मात्र पैसे घालवू नका. वाटेत हरवलेला डेटा पुन्हा मागवला जातो, गाणं आधी बफरमध्ये, म्हणजे प्लेअरच्या तात्पुरत्या साठ्यात, साठतं आणि मगच वाजतं. तेच पैसे बॅकअपसाठी दुसऱ्या हार्ड डिस्कवर घाला.