मुलगी बीएडची इंटर्नशिप सोडून घरी बसलीय, एमपीएससीला टाकू का?

ताई, नागपूरच्या मानेवाड्याहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी बीएडच्या दुसऱ्या वर्षाला, इंटर्नशिप चार दिवसांत सोडली, बाबा म्हणतात नाटकं करून राहिली, फी पाण्यात गेली. आणि अगदी शेवटी एक ओळ, की सातवीत असताना शिकवणीच्या सरांचा 'थोडा प्रॉब्लेम' झाला होता, आम्ही लगेच शिकवणी बंद केली, विषय संपला.

माझं मन त्या ओळीवरच अडकलं. विषय तुमच्यापुरता संपला हो. शिकवणी बंद केली हे चांगलंच केलंत, पण त्यानंतर इतक्या वर्षांत तिच्याजवळ बसून कोणी विचारलं का, हे पत्रात कुठेच नाही. चौथ्या दिवशी त्या शाळेतले एक सर एका मुलीच्या पाठीवर हात ठेवून वही तपासत होते, ते बघून हिच्या हातातला खडू पडला आणि ती तशीच बस पकडून घरी आली, हे तुम्हीच लिहिलंय. याला नाटक म्हणायचं?

बाबांना वाटतं जिच्यासोबत असं झालं ती उद्या मुलांशी नीट वागणार नाही. हे डोक्यातून काढाच. केंद्र सरकारने २००७ च्या अहवालात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारलं होतं, आपला महाराष्ट्रही त्यात होता, आणि ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं. ती मुलं आता मोठी झालीत, त्यातली कितीतरी आज शिकवत असतील, स्वतःची लेकरं वाढवत असतील. छळ सोसलेली बहुतेक माणसं कधीच कोणत्या लेकराला त्रास देत नाहीत.

आधी तिला शांतपणे विचारा, त्या वर्गात नेमकं काय दिसलं. जुनी आठवण आली असेल, किंवा खरंच काही चुकीचं चाललं असेल. तसा संशय असेल तर पोलिसांना कळवायलाच लागतं, पोक्सो या मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात ते बंधनकारक आहे, मदतीला १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, आणि हे ओझं तिच्या एकटीवर टाकू नका, तुम्ही सोबत उभ्या राहा.

टीईटी, टेट, पवित्र पोर्टल हे शिक्षकभरतीचं सगळं नंतर. एमपीएससी तर आत्ता नकोच, तिने स्वतः मागितली तरच बघू. कॉलेजात प्राचार्यांना भेटून शाळा बदलून मिळते का, इंटर्नशिप पुढे ढकलता येते का ते विचारा, कारण सांगायचं की नाही हे तीच ठरवेल. मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, आणि १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फुकट बोलता येतं, मराठीत. ती हो म्हणाली तर तुम्ही सोबत जा, आत मात्र तिला एकटीला बोलू द्या. आणि बाबांना म्हणा, तोपर्यंत घरात फीचा विषय काढायचा नाही.