तालुक्यात स्मृतिभ्रंशाचं काम उभं करणाऱ्या नव्या सहकाऱ्याला

राजापूरच्या वाड्यांत शिरताना आधी आशाताईंना, म्हणजे गावच्या आशा स्वयंसेविकेला, सोबत घे. शाळा न पाहिलेल्या आजीपुढे कागद-पेन्सिलची चाचणी ठेवू नकोस, न झालेल्या शाळेचेच गुण त्यात कापले जातात. सुनेला विचार: मासळीवालीशी हिशेब पूर्वीसारखा जमतो का? आमटीत मीठ दोनदा पडतं का? गोंधळ दोन दिवसांत अचानक वाढला असेल, तर जंतुसंसर्ग किंवा नवं औषधही कारण असू शकतं. लगेच डॉक्टरांकडे ने.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४च्या अहवालानुसार सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येण्याजोगा आहे. त्या कारणांत बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह आहेत, म्हणून कान तपासून घेच. मुंबईकर मुलाला गणपतीत गाठ. सुनेची झोप होते का तेही विचार, आणि तिच्या जागी दोन तास कोण बसेल ते तिथेच ठरव.