राज्य सोडायचं म्हणतोयस?

अरे, आधी एक सांग, वैताग महाराष्ट्राचा आलाय की मुंबईचा? रोज डोंबिवलीला सीएसएमटी फास्टच्या दारात लटकून आणि अर्धा पगार ईएमआयमध्ये घालवून कुणाचंही डोकं फिरेल, पण त्यासाठी थेट बेंगळुरू कशाला, नाशिक नाहीतर कोल्हापूरला महिनाभर राहून बघ ना. आणि मुलं असतील तर नीट ऐक, सरकारी मेडिकलच्या 85 टक्के स्टेट कोट्याला, म्हणजे राज्यातल्या मुलांसाठीच्या जागांना, साधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच लागते, हे लोकांना फार उशिरा कळतं आणि मग जीव तुटतो. गाडी नेणार असशील तर इथल्या आरटीओचं एनओसी (ना-हरकत पत्र), तिकडे 12 महिन्यांत नवीन नंबर, कटकट आहे पण होतं ते. एवढं करूनही जावंसं वाटलं तर बिनधास्त जा, फक्त इथलं घर लगेच विकू नकोस, वर्षभर भाड्याने दे.